नावाखालच्या दोन ओळी

लातूरकडच्या माणसाला गुणवत्ता म्हणजे काय ते वेगळं शिकवावं लागत नाही. दहावी-बारावीचा निकाल लागला की आमच्याकडे चौकाचौकात फलक उभे राहतात. वर पोराचा फोटो, खाली टक्के आणि शिकवणीचं नाव. 'लातूर पॅटर्न' हे शब्द मी अक्षरं गिरवायच्या आधीपासून ऐकत आले. २०२४ च्या सुरुवातीला पवित्र पोर्टलवरच्या भरतीत माझी निवड झाली. पालघर जिल्हा परिषदेत शिक्षणसेवक म्हणून रुजू झाले आणि वसई पूर्वेला, अहमदाबाद महामार्गाच्या अंगाची एक शाळा मिळाली. मला सहावी ते आठवीचे वर्ग दिले. ऑगस्टात मुख्याध्यापक सर म्हणाले, "यंदाचा गुणगौरव समारंभ तुम्ही बघा मॅडम. पाच सप्टेंबरला मुलांचा आणि शिक्षकांचा एकत्रच करू." निकालपत्रकं मागवायची, पहिले तीन नंबर उतरवून घ्यायचे, प्रशस्तिपत्रकं छापायला टाकायची, एवढंच काम माझ्या डोळ्यांपुढे होतं.

निकालपत्रकं आली आणि त्यांत नंबरच नव्हते. श्रेण्या होत्या. एक्क्याण्णव टक्क्यांच्या पुढे अ-१, एक्क्याऐंशीच्या पुढे अ-२, मग ब-१, असं खाली. सातवीच्या एकाच तुकडीत अ-१ वाली मुलं इतकी की त्यांना ओळीत उभं केलं तर व्यासपीठ पुरणार नाही. २० ऑगस्ट २०१० चा सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा शासन निर्णय आम्ही पदविकेला असताना पाठ केला होता. आकारिक किती, संकलित किती, मुलाची तुलना दुसऱ्या मुलाशी करायची नाही, त्याच्या कालच्या प्रगतीशी करायची, हे सगळं परीक्षेत लिहूनही आले होते. ते समारंभाच्या यादीत कसं बसवायचं, हे मात्र कुठल्याच पुस्तकात नव्हतं. त्यात फाटकाशी उभे राहणारे पालक. वालीवच्या कुठल्याशा गाळ्यात कामाला असलेले एक वडील रोज विचारायचे, "मॅडम, नंबर कितना आया?" त्यांना 'अ-२' सांगितलं की ते मान हलवायचे आणि पुन्हा विचारायचे, "वो ठीक है, लेकिन नंबर?" मला त्यांचं चुकतंय असं वाटेना. जिथून मी आले तिथंही सगळे हेच विचारतात.

मग शाळेतल्या एका ज्येष्ठ बाईंनी मला समोर बसवलं. शिष्यवृत्तीचा जादा तास त्या गेली कित्येक वर्षं घेतात. त्या म्हणाल्या, "हे बघ, शिष्यवृत्तीला बसलेली मुलं, पात्र ठरलेली मुलं आणि शिष्यवृत्तीधारक मुलं, ही तीन वेगळी माणसं आहेत. आधी हे डोक्यात पक्कं कर." मी वही काढली.

ही परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. पूर्वी ती चौथी आणि सातवीला असायची, २०१७ पासून पाचवी आणि आठवीला आली होती. दीडशे-दीडशे गुणांचे दोन पेपर. पहिल्यात मराठी आणि गणित, दुसऱ्यात इंग्रजी आणि बुद्धिमत्ता चाचणी. आठवीच्या पेपरात काही प्रश्नांना दोन पर्याय बरोबर असायचे आणि दोन्ही रंगवले तरच गुण मिळायचे. प्रत्येक पेपरात चाळीस टक्के मिळाले की मूल 'पात्र'. पैसे मात्र गुणवत्ता यादीत, जिल्ह्याच्या ठरलेल्या संचात आलेल्यालाच. आठवीच्या राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीचंही, म्हणजे सगळे ज्याला एनएमएमएस म्हणतात तिचंही, तसंच. घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत लागतं, देशभरात एक लाख शिष्यवृत्त्या, त्यांतल्या महाराष्ट्राच्या वाट्याला ११,६८२. मिळाली तर नववी ते बारावी वर्षाला बारा हजार. बाई म्हणाल्या, "आपल्या शाळेतनं यादीत एखादं पोर येतं. पात्र होणारी मात्र बरीच. आतापर्यंत सत्कार फक्त यादीतल्याचा व्हायचा. पात्र झालेली पोरं खाली बसून टाळ्या वाजवायची."

ज्या घरात अभ्यासाला बसायला जागा नाही, तिथलं मूल रविवारीसुद्धा जादा तासाला येऊन दोन्ही पेपरांत चाळीस टक्क्यांचा उंबरठा ओलांडतं, आणि आपण त्याला खाली बसवतो. हे मला पटेना. पण सगळ्या पात्र मुलांना वर बोलवायचं, तर मग नुसत्या बसलेल्यांनी काय केलं? कुठे थांबायचं? रात्री खोलीवर यादी करायला बसले की हाच प्रश्न यायचा आणि कागद तसाच राहायचा.

शिवाय बाकीच्या परीक्षा होत्याच. मुंबई विज्ञान अध्यापक मंडळाची डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सहावीला असते. कला संचालनालयाची एलिमेंटरी असते. इन्स्पायर मानकमध्ये मुलाची कल्पना निवडली गेली तर दहा हजार रुपये प्रतिकृती करायला मिळतात. खेळात केंद्र, बीट, तालुका, जिल्हा अशी चढण असते. आणि वसईत आल्यावर मी पहिल्यांदा ऐकलं ते डिसेंबरच्या शेवटी चिमाजी अप्पा मैदानावर भरणाऱ्या तालुका कला क्रीडा महोत्सवाबद्दल. तिथं चित्रापासून कबड्डीपर्यंत काय काय चालतं, आणि तिथलं पदक इथल्या घराघरांत टीव्हीच्या वर टांगलेलं असतं.

आणखी एक अडचण माझ्या ध्यानात यायला वेळ लागला. आमची शाळा आठवीपर्यंत. आठवीची शिष्यवृत्ती तेव्हा फेब्रुवारीत असायची, २०२४ ला ती १८ तारखेला झाली होती. अंतिम निकाल येईपर्यंत पावसाळा लागतो. तोवर मुलं नववीला, दुसऱ्या कुठल्या तरी हायस्कुलात. म्हणजे ज्यांचा गौरव करायचा ती मुलं आता आमची नव्हतीच. फोन लावले तर निम्मे लागेनात. या भागात अकरा महिन्यांचा भाडेकरार संपला की कुटुंब खोली बदलतं, नंबरही बदलतो. मी आणि आणखी एक शिक्षक संध्याकाळी नालासोपारा पूर्वेच्या चाळींतून फिरलो. एका मुलीची आई म्हणाली, "तुम्ही घरी आलात, झाला की सत्कार." ती हे मनापासून बोलली, आणि मुलगी पाच तारखेला सकाळी सगळ्यांच्या आधी शाळेत हजर होती.

पाहुण्यांच्या यादीनं वेगळा गोंधळ घातला. वसई-विरार महापालिका ३ जुलै २००९ ला झाली, पण हद्दीतल्या आमच्यासारख्या शाळा जिल्हा परिषदेच्याच राहिल्या. पालक रस्त्यासाठी, पाण्यासाठी महापालिकेत जातात आणि शाळेच्या पत्र्यासाठीही तिथंच जाऊन परत येतात. महापालिकेतल्या लोकप्रतिनिधींची मुदत २०२० मध्ये संपलेली, निवडणूक तेव्हा झालेली नव्हती, त्यामुळे कार्डावर कुणाच्या नावापुढे 'माजी' लिहायचं आणि कुणाच्या नाही यावर स्टाफरूममध्ये चर्चा रंगायची. ते काम मी केंद्रप्रमुखांवर सोपवलं आणि मोकळी झाले.

खरी कोंडी शिक्षकांच्या सत्काराची होती. मुलांना निदान गुण तरी असतात. शिक्षकाचं यश कशात मोजायचं? विचारत गेले तेव्हा कळलं की त्यालाही मोठी व्यवस्था आहे. राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार १९५८ पासून आहेत, आणि २०१८ पासून शिक्षकानं स्वतःच ऑनलाइन अर्ज करायचा असतो. राज्याचा पुरस्कार आता क्रांतिज्योती सावित्रीमाई फुले यांच्या नावानं आहे, आणि त्या नावातच 'गुणगौरव' आहे. जिल्हा परिषदेचा जिल्हा शिक्षक पुरस्कार आहे. प्रत्येकाला प्रस्ताव लागतो. उपक्रमांची कात्रणं, फोटो, दाखले, सगळं फाइलला लावून. आमच्या शाळेत फाइल केलेलं कुणीच नव्हतं. शिष्यवृत्तीवाल्या बाईंना मी विचारलं तर त्या म्हणाल्या, "फोटो काढायला थांबले असते तर तास कोणी घेतला असता?" एक सर मतदार याद्यांच्या कामात होते, विधानसभेची निवडणूक तोंडावर आली होती, ते दुपारपर्यंत शिकवून चारनंतर घरोघर फिरायचे. त्यांना सत्काराचं विचारल्यावर त्यांनी हात जोडले. "मला शाल नको. वर्गाला एक कपाट मिळतंय का बघा."

त्या दिवसांत मला रणजितसिंह डिसले गुरुजींची आठवण वारंवार यायची. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या या शिक्षकाला २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. दहा लाख डॉलरमधली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. तेव्हा मी स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकातल्या चौकटीत हे वाचलं होतं. आता शिक्षक म्हणून विचार करताना एक वेगळीच गोष्ट डोळ्यांत भरली. परितेवाडी कुठं आहे हे ज्यांना माहीत नाही त्यांनाही त्यांनी काय केलं ते सांगता येतं. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणले, ज्या मुली शाळेबाहेर होत्या त्यांना शाळेत आणलं. पुरस्काराबरोबर कामही सांगितलं गेलं, म्हणून ते लोकांच्या लक्षात राहिलं. आमच्या समारंभात काय होतं? नाव पुकारायचं, मूल येणार, पाहुणे प्रमाणपत्र देणार, फोटो, पुढचं नाव. मुलानं काय केलं ते मागे बसलेल्या आईलाही कळत नाही.

मग मी नोंदवह्या काढल्या. आमच्याकडे प्रत्येक शिक्षक प्रत्येक मुलाबद्दल वर्णनात्मक नोंदी लिहितो. बऱ्याच नोंदी ठरावीक असतात, त्या बाजारात छापील पुस्तकातही मिळतात. 'वर्गात लक्ष देतो', 'अक्षर वळणदार आहे', 'गटात सहभागी होते'. पण त्या मतदार यादीवाल्या सरांची वही निराळी निघाली. एका मुलाच्या पानावर जूनमध्ये लिहिलं होतं की तो मराठी वाचताना जोडाक्षरावर थांबतो आणि हिंदीत बोलून मोकळा होतो. डिसेंबरमध्ये लिहिलं होतं की त्यानं परिपाठात बातम्या वाचायला स्वतःहून नाव दिलं. मार्चमध्ये, की तो पाचवीतल्या नव्या मुलाला जोडाक्षरं शिकवतो. दुसरं पान एका वारली मुलीचं. तिचे आईवडील दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात, ती आजीजवळ राहते. सरांनी गरिबीबद्दल एक अक्षर लिहिलं नव्हतं. लिहिलं होतं ते एवढंच, की भूमितीत ती आधी बोटानं जमिनीवर आकृती काढते, मग वहीत, आणि तिचं उत्तर सहसा चुकत नाही. मी ती वही उभ्या उभ्या वाचून संपवली. माझी यादी तिथं होती. गेलं वर्षभर ती कुणीतरी लिहीत होतं.

मुख्याध्यापकांपुढे मी मागणी मांडली. प्रत्येक प्रमाणपत्रावर नावाखाली दोन ओळी मोकळ्या सोडायच्या आणि त्यात मुलानं नेमकं काय केलं ते वर्गशिक्षकांनी लिहायचं. यादीतली मुलं, पात्र मुलं, खेळातली, चित्रातली आणि नोंदवह्यांतून निघालेली, सगळी एकाच यादीत. मुख्याध्यापक सरांनी वेळेचा हिशेब मांडला. "एवढी नावं, प्रत्येकाच्या दोन ओळी, पाहुणे थांबतील का?" मग त्यांनीच मार्ग काढला. मुलं आधी, भाषणं नंतर. ज्यांना जायचं ते भाषणाच्या वेळी जातील.

ओळी लिहिताना मी घरोघर विचारून घेतलं. त्या वारली मुलीच्या आजीकडे गेले तेव्हा तिची आईही घरी होती, पावसाळ्यात भट्ट्या बंद असतात. मी विचारलं, काय लिहू? आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आमच्या घरचं काय बोलू नका बाई. तिनं काय केलं ता सांगा." हे एक वाक्य मला सगळ्या प्रशिक्षणांपेक्षा जास्त शिकवून गेलं. कष्टाची, हालाची, झोपडीची गोष्ट सांगून टाळ्या मिळवणं सोपं आहे, आणि त्या टाळ्यांत मूल आणखी लहान होतं. आम्ही नियमच केला: ओळीत मुलाचं काम येईल, घरची परिस्थिती येणार नाही.

शिक्षकांच्या ओळी मुलांनी लिहिल्या. त्यांत मी शब्दही बदलला नाही. गणिताच्या सरांसाठी सातवीनं लिहिलं: 'सर वेळेची बेरीज विरार-चर्चगेट लोकलच्या वेळापत्रकावर शिकवतात, म्हणून आम्हाला गाडी चुकत नाही आणि गणितही.' शिष्यवृत्तीवाल्या बाईंसाठी: 'बाई उत्तर सांगत नाहीत, चुकलेला पर्याय का चुकला ते विचारतात.' पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींचं नाव माझ्या यादीत नव्हतं. आठवीनं ते घातलं. 'मावशी कोण जेवला नाही ते लक्षात ठेवतात.' ही यादी शिक्षकांची आहे, असं मी म्हणाले, तर एक मुलगी म्हणाली, "मग काय झालं?" नाव राहिलं.

पाच सप्टेंबर, गुरुवार. शनिवारी गणपती बसणार होते, निम्मं गाव बाजारात. सकाळपासून पाऊस, आणि आमच्या सभागृहाचं छप्पर पत्र्याचं. गासच्या वाडीतून येणाऱ्या सहकारी ताईंनी सोनचाफा आणला होता, पिशवीभर. बुके मागवायचे नव्हतेच. प्रत्येक मुलाच्या ओळी त्याच्याच वर्गातल्या मित्रानं वाचायच्या असं ठरलं होतं. पावसाच्या आवाजात माईक पुरेना, तेव्हा मुलं ओरडून वाचू लागली, आणि मागच्या बायका 'काय म्हणाला?' असं विचारत पुढे सरकत सरकत व्यासपीठाजवळ येऊन बसल्या. जोडाक्षरं शिकवणाऱ्या मुलाचं नाव आलं तेव्हा नंबर विचारणारे ते वडील पहिल्या रांगेत उभे होते. तो त्यांचाच मुलगा. अर्धा दिवस रजा टाकून आले होते. ओळी मराठीत होत्या, शेजारच्या बाईनं त्यांना हिंदीत सांगितल्या. त्यांनी प्रमाणपत्र हातात घेतलं, आणि त्या ओळींवर बोट ठेवून मुलाला म्हणाले, "पढ़ के सुना." मुलानं पुन्हा वाचलं. त्यांनी नंबर विचारला नाही.

भट्टीवरची आई कोपऱ्यात उभी होती. मुलीच्या ओळी वाचल्या गेल्या तेव्हा ती काही बोलली नाही. पाहुण्या म्हणून आलेल्या एका बाईंनी मुलीला विचारलं, "कसली आकृती काढतेस?" मुलीनं खाली बसून ओल्या फरशीवर बोटानं समलंब चौकोन काढला आणि उंची कुठून मोजायची ते दाखवलं. पाहुण्या वाकून बघत राहिल्या, मागची रांग थांबली, आणि कुणी घाई केली नाही.

कार्यक्रम लांबला. पाहुण्यांपैकी दोघे लवकर गेले, बाकीचे थांबले. भाषणं आटोपशीर झाली, कारण बोलायला जे होतं ते मुलांनी आधीच बोलून टाकलं होतं. यादीत आलेल्या मुलाचाही मान कमी झाला नाही. उलट त्याच्या ओळीत लिहिलं होतं की त्यानं आदल्या वर्षीच्या सगळ्या प्रश्नपत्रिका सोडवून त्या पुढच्या वर्गाला देऊन टाकल्या. तो तेव्हा नववीत दुसऱ्या शाळेत होता, त्या शाळेचा गणवेश घालून आला होता.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालं आहे. शाळेतला सत्कार मोठा करायचा तर शाल, श्रीफळ आणि पाहुणे वाढवून तो होत नाही. मुलानं काय केलं ते नीट, खरं आणि त्याच्या समोर सांगायला हवं. त्यासाठी वर्षभर कुणीतरी त्या मुलाकडे बघत असायला हवं. आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळांत असं बघणारी माणसं आहेत. त्यांच्या वह्या कपाटात पडून असतात, आणि तपासणीला कुणी आलं तर वरवर चाळल्या जातात.

पहिल्यांदाच अशा समारंभाची जबाबदारी आलेल्या माझ्यासारख्या नव्या शिक्षकांना एवढंच सांगणं आहे. प्रशस्तिपत्रकं छापायला टाकण्याआधी नोंदवह्या वाचा. छापणाऱ्याला नावाखाली दोन ओळी मोकळ्या सोडायला सांगा. त्या भरायला वर्गशिक्षकांना निदान आठ दिवस द्या, आणि घरी जाऊन आईवडिलांना विचारून मगच लिहा. मुलं आधी घ्या, भाषणं नंतर. आणि जेवण शिजवणाऱ्या मावशींचं नाव यादीत आहे ना, ते बघा.